आशाताईंच्या ट्रेनिंगचं वेळापत्रक कोणाच्या सोयीने ठरतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

फेब्रुवारी लागला की आपल्याकडे ट्रेनिंगचा धडाका सुरू होतो. आशाताई म्हणजे गावातच राहून घरोघरी आरोग्याचं काम करणाऱ्या बायका, अंगणवाडीताई, बचत गटाच्या सीआरपी (गटांना मदत करणाऱ्या गावातल्याच ताई), शेतकरी गट, सगळ्यांना एकामागून एक निरोप जातात, कारण त्या त्या हेडखाली आलेला पैसा ३१ मार्चच्या आत खर्ची पडायला हवा असतो. मग पेपरात फोटो येतात, दीपप्रज्वलन, मागे बॅनर, समोर खुर्च्यांवर बसलेल्या बायका, आणि खाली ओळ की अमुक तालुक्यात इतक्या आशांना प्रशिक्षण दिलं. मी नर्स म्हणून नोकरीला लागले आणि पुढे बरीच वर्षं आशांची ट्रेनर होते, आता रिटायर आहे पण कोणी बोलावलं तर अजूनही जाते, म्हणून या विषयावर मनापासून लिहावंसं वाटलं. पत्र लांबलंय, जमलं तर पूर्ण छापा.

माझं म्हणणं एवढंच आहे की मोठ्या माणसांचं ट्रेनिंग प्लॅन करताना सुरुवात हॉल, बजेट आणि पीपीटीपासून होते, ती व्हायला पाहिजे त्या बाईला गावात गेल्यावर दारात उभं राहून नेमकं काय करायचंय तिथपासून. हे एकदा धरलं ना की बाकीचं सगळं, किती दिवस, किती जणी, कुठली जागा, काय सामान, काय बोलायचं, आपोआप ठरत जातं. आणि हे धरलं नाही तर कितीही चांगला ट्रेनर आणा, दुपारी जेवण झाल्यावर अर्धा हॉल पेंगतो.

साधं ओआरएस घ्या, जुलाब झालेल्या लेकराला पाण्यात कालवून द्यायची मीठ-साखरेची पावडर. पाकिटावर लिहिलेलं असतं एक लिटर पाण्यात टाका, ट्रेनर ते वाचून दाखवतो, सगळ्या माना डोलावतात, पुढची स्लाईड. आता गावात कोणाच्या घरात लिटरचं माप असतं सांगा. तांब्या असतो, कळशी असते, स्टीलचे ग्लास असतात, आणि प्रत्येक घरातला तांब्या वेगळ्या मापाचा. पाणी कमी घेतलं तर मीठ जास्त होतं, ते लेकराला चांगलं नाही, पाणी जास्त घेतलं तर औषधाचा उपयोग कमी. म्हणून मी निरोपातच सांगायचे की प्रत्येकीने घरचा तांब्या आणि घरचा ग्लास घेऊन या. मग पाण्याची लिटरची बाटली मध्ये ठेवायची आणि एकेकीने आपल्या तांब्यात ओतून बघायचं की आपल्या घरचे किती तांबे किंवा किती ग्लास म्हणजे एक लिटर. कोणाचा सव्वा तांब्या भरतो, कोणाचे पाच ग्लास, कोणाचे चारच, आणि बघता बघता हॉलमध्ये असा गलका होतो की माईक लागत नाही. त्यानंतर ती आशा गावात जाऊन आईला "एक लिटर" असं सांगत नाही, ती आधी म्हणते तुमचा तांब्या आणा बघू. या सगळ्याला पाऊण तास लागतो आणि तो पाऊण तास वेळापत्रकात कुठेच नसतो, तिथे "अतिसार व्यवस्थापन, ३० मिनिटे" एवढंच छापलेलं असतं आणि त्या तीस मिनिटांत झिंकच्या गोळ्यासुद्धा उरकायच्या असतात.

झिंकचं पण तसंच. गोळी १४ दिवस द्यायची हे प्रत्येक आशाला पाठ आहे, परीक्षेत विचारलं तर बरोबर लिहिते. पण जुलाब तीन दिवसांत थांबतात आणि आई गोळी बंद करते, कारण तिच्या हिशोबाने पोरगं बरं झालं, मग उगाच औषध कशाला. इथे आशाला पाठांतर उपयोगाला येत नाही, तिला त्या आईला पटवता आलं पाहिजे की बाई ही गोळी आजच्या जुलाबासाठी जेवढी आहे तेवढीच पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब लागू नयेत यासाठी पण आहे. हे बोलायचा सराव लागतो. एक जण आई होणार, एक जण सासू, सासूने अडवायचं, "आमच्या वेळी कुठं होत्या गोळ्या", आणि आशाने उत्तर द्यायचं. पहिल्यांदा सगळ्या लाजतात, दुसऱ्यांदा हसतात, तिसऱ्या फेरीला मात्र खऱ्याखुऱ्या अडचणी बाहेर यायला लागतात ज्या कुठल्याच पुस्तकात नसतात, कारण सासूचं काम करणारी बाई स्वतः कोणाची तरी सासू असते आणि तिला पक्कं माहीत असतं ती काय म्हणणार.

मोठ्या माणसाला शिकवणं आणि शाळेतल्या पोराला शिकवणं यात फरक आहे तो इथेच. समोर बसलेली बाई रिकामी आलेली नसते. तिची दोन-तीन बाळंतपणं झालेली असतात, जावेचं, नणंदेचं, शेजारणीचं बाळंतपण तिने काढलेलं असतं, कधीतरी कोवळं लेकरू हातातून गेलेलं पण बघितलेलं असतं. तिला घुटी माहीत आहे, शेक-शेगडी माहीत आहे, बाळाला जन्मल्या जन्मल्या आंघोळ घालतात ते माहीत आहे. ट्रेनरने उभं राहून "हे सगळं चूक" असं सांगितलं की ती गप्प बसते, वहीत लिहून घेते, आणि गावात गेल्यावर तिच्या समोर जेव्हा गावची म्हातारी दाई उभी राहते तेव्हा ती परत गप्प बसते. त्याऐवजी पहिला तास फक्त विचारा, तुमच्याकडे बाळ झाल्यावर पहिल्या दिवशी काय काय करतात, आणि सगळं फळ्यावर लिहा, काही खोडू नका. मग एकेक घेऊन बोला की यातलं बाळाला ऊब देणारं कुठलं, गारठा देणारं कुठलं, पोटात जंतू जाऊ शकतील असं कुठलं. बाळाला गुंडाळून आईच्या अंगाशी ठेवणं हे आपल्याकडे बऱ्याच घरांत होतंच, कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब देणं, समजावताना तिथूनच सुरुवात करता येते. अर्धं त्यांच्याकडूनच येतं आणि जे त्यांच्याकडून येतं ते त्या विसरत नाहीत.

आपल्या महाराष्ट्राला हे बाहेरून शिकायची गरज नाही हे मला मुद्दाम सांगायचंय. जामखेडला १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी गावोगावच्या आरोग्याचं काम सुरू केलं, आधी त्यांनी नर्सेसना गावात ठेवायचा प्रयत्न केला पण त्या गावात राहीनात, मग गावातल्याच बायका निवडल्या, त्यातल्या कितीतरी निरक्षर, कितीतरी दलित समाजातल्या. त्यांना एकदम महिनाभर कोंडून शिकवलं नाही. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, गावात काय झालं ते सांगायच्या, अडलेलं विचारायच्या, थोडं नवीन शिकायच्या, परत गावात जायच्या. वर्षानुवर्षं हे चाललं. आठवड्याचा प्रश्न आठवड्यात सुटायचा आणि शिकलेलं लगेच वापरलं जायचं, म्हणून ते पक्कं व्हायचं. नुसत्या भाषणाने हे झालं नसतं. आरोळे दांपत्याला १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, देशोदेशीचे लोक जामखेडला शिकायला येतात, आणि आपण मात्र जिल्ह्याच्या ठिकाणी प्रोजेक्टर लावून बसतो.

गडचिरोलीचं उदाहरण तर प्रत्येक ट्रेनरला तोंडपाठ पाहिजे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या सर्च या संस्थेत लहान मुलांच्या न्यूमोनियाचं काम चालू होतं. न्यूमोनिया ओळखायची खूण म्हणजे जलद श्वास, दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते वर्षाच्या मुलाचे ५० किंवा जास्त, वर्षाच्या पुढे ४०. पण गावातल्या दायांना दहा-बाराच्या पुढे मोजता येत नव्हतं. आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता आधी यांना शंभरपर्यंत आकडे शिकवा, नाहीतर शिकलेल्या बायका आणा. तिथे काय केलं, तर एक साधं यंत्र बनवलं, त्यात मिनिटाची वाळूची घडी आणि तारेवर मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आधी मणी संपले तर श्वास जलद, म्हणजे औषध द्यायची वेळ. दहापर्यंत मोजता येणाऱ्या बाईच्या हातात निदान आलं. मला हे जेव्हा कळलं तेव्हापासून ट्रेनिंग प्लॅन करताना मी पहिला प्रश्न हाच विचारते, की हिला जे येतं त्याच्यावर उभं राहून काम होईल असं काय करता येईल. पुढे १९९० च्या दशकात तिथल्याच ३९ गावांत आरोग्यदूत बायकांनी घरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि नवजात मृत्यूंमध्ये ६२ टक्के घट झाल्याचं १९९९ मध्ये जगासमोर आलं. आज देशभरातल्या आशा बाळाला बघायला ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी घरी जातात, घरीच बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशी पण, त्याचं मूळ गडचिरोलीत आहे.

आणि गंमत बघा, मॉड्यूल ६ आणि ७, म्हणजे आशांच्या ट्रेनिंगची सरकारी पुस्तकं, ज्यांनी तयार केली त्यांनी हे सगळं ओळखलेलं होतं. वीस दिवसांचं ट्रेनिंग त्यांनी सलग ठेवलं नाही, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्या केल्या, मध्ये आशाने गावात जाऊन सराव करायचा, अडलेलं घेऊन पुढच्या फेरीला यायचं. १८८५ साली जर्मनीत एबिंगहाउस नावाच्या माणसाने स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं की एकदा पाठ केलेलं एका दिवसात किती झपाट्याने विसरतं आणि मध्ये गॅप ठेवून परत परत केलं तर किती टिकतं. म्हणजे कागदावरचा प्लॅन चांगला आहे. बिघडतं ते खाली आल्यावर. निधी उशिरा येतो, मग दोन फेऱ्या जोडून घ्या, मधला सरावाचा काळ गाळा, पाच दिवसांचे तीन करा, दोन बॅच एकत्र करा, पंचवीसच्या जागी साठ जणी बसवा. साठ जणींत वजनकाटे दोनच असतात. मागच्या रांगेतल्या बाईच्या हातात काटा येतच नाही, ती फक्त बघते.

वजनकाट्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण लेकराचा जीव त्याच्यावर असतो. २५०० ग्रॅमच्या खाली म्हणजे कमी वजनाचं बाळ, त्याला जास्त भेटी, जास्त ऊब, जास्त वेळा अंगावर पाजणं, आणि फार कमी असेल तर दवाखाना. झोळी अडकवून काटा आधी शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं, मग काटा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचायचं. तीनच पायऱ्या, पण शून्यावर आणायची पायरी विसरली की झोळीचं वजन बाळाच्या वजनात जातं आणि कमी वजनाचं बाळ कागदावर चांगल्या वजनाचं होतं. हे शिकवायला बाहुली नसली तरी चालतं, मी किराणा दुकानातून तांदळाच्या पिशव्या भरून आणायचे, वेगवेगळ्या वजनाच्या, पिशवीवर काही लिहायचं नाही, प्रत्येकीने वजन करायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि शेवटी सगळ्यांच्या चिठ्ठ्या एकाखाली एक लावायच्या. एकाच पिशवीचे पाच वेगळे आकडे आले की कोणाला रागवायची गरज पडत नाही, त्या स्वतःच परत काटा हातात घेतात, एकमेकींचं बघतात, "अगं तू वरून वाचतेस म्हणून" असं एकमेकींना सांगतात. मैत्रिणीने सांगितलेलं जेवढं लागतं तेवढं मॅडमने सांगितलेलं लागत नाही. प्रत्येकीच्या हातात काटा निदान पाच-सहा वेळा यायला पाहिजे, मग मोजा किती जणींची बॅच परवडते. माझ्या मते चार-पाच बायकांमागे एक काटा, आणि एका ट्रेनरमागे दहा-बारापेक्षा जास्त बायका नकोत.

वेळेचं बोलू. निरोप येतो सकाळी साडेदहाचा. आशा पहाटे उठते, स्वयंपाक, पोरांचे डबे, जनावरं असतील तर त्यांचं, मग एसटी किंवा वडाप पकडून तालुक्याला. साहेब येतात साडेअकराला, मग उद्घाटन, सत्कार, सगळ्यांची भाषणं, प्रत्यक्ष शिकवायला साडेबारा. आणि साडेतीन वाजले की बायका घड्याळाकडे बघायला लागतात कारण शेवटची गाडी चुकली तर मुक्काम. सकाळचा ताजा वेळ जो सगळ्यात कामाचा तो सत्कारात गेला, आणि जेवणानंतर जेव्हा डोळे जड होतात तेव्हा सगळ्यात अवघड धडा. मी प्रत्येक ठिकाणी विनवून सांगत आले की उद्घाटन करायचंच असेल तर शेवटच्या दिवशी करा, साहेबांनी येऊन आशांनी काय केलं ते बघावं, त्यांच्याकडून एखादी पिशवी वजन करून घ्यावी. आणि जेवणानंतर हात-पाय हलवायचं काम ठेवा, हात धुवायच्या सहा पायऱ्या, बाळ गुंडाळणं, सासू-सुनेचं नाटक.

सीझनचं पण तेच. आमच्या बीडकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला माणसं जातात ती मार्च-एप्रिलपर्यंत येत नाहीत, घरात म्हातारी माणसं आणि पोरं. आशा स्वतः गावात असली तरी तिच्यामागे घरचं सगळं वाढलेलं असतं. कापसाच्या पट्ट्यात ऑक्टोबर ते डिसेंबर वेचणी, त्या दिवसात रोज मजुरी मिळते, ती सोडून ट्रेनिंगला यायचं तर मिळणारा भत्ता त्या दिवशीच हातात पडला पाहिजे, तीन महिन्यांनी खात्यात नको. शेतीचं वर्ष आणि सरकारी वर्ष जुळत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, मग जून-जुलैमध्ये पेरणी आटपल्यावर जो थोडा मोकळा काळ मिळतो, किंवा जिथे जसं असेल तसं, तिथल्या बायकांना विचारून तारखा का ठरत नाहीत. आशांच्या कामावर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंना एक फोन केला तर अर्ध्या तासात कळतं कुठल्या आठवड्यात बोलावू नये.

आणखी काही गोष्टी आहेत ज्या लिहायला लहान वाटतात पण त्यांच्यामुळे ट्रेनिंग फसतं. बायकांसाठी स्वच्छ संडास, पाणी असलेला, कडी लागणारा. तो नसला तर बायका दिवसभर पाणी पीत नाहीत, डोकं दुखतं, आणि ट्रेनरला वाटतं लक्ष नाही. तान्हं बाळ असलेली आशा बाळ घेऊन येणार, तिला पाजायला आडोसा पाहिजे आणि बाळ सांभाळायला एक मावशी. आम्ही बायकांना सहा महिने फक्त अंगावरचं दूध पाजा म्हणून शिकवतो आणि शिकवायच्या हॉलमध्येच पाजायला जागा नाही, हे मला अजून पण फार लागतं. चष्म्याचं तर कोणी बोलतच नाही, चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी आशांना थर्मामीटरचा आकडा आणि फॉर्मची बारीक अक्षरं दिसत नाहीत, सांगायला लाजतात. पहिल्या दिवशी सकाळी सगळ्यांची जवळची नजर तपासायला किती वेळ लागणार आहे.

शेतकऱ्यांच्या ट्रेनिंगलाही हेच लागू आहे. शेतीशाळा ही पद्धत इंडोनेशियात १९८९ च्या सुमारास सुरू झाली, भातावरच्या तपकिरी तुडतुड्यांनी आणि बेसुमार फवारणीने हैराण झाल्यावर. गटाने पूर्ण हंगामभर ठरावीक दिवशी शेतातच जमायचं, झाडं मोजून बघायची, मित्रकिडी किती शत्रूकिडी किती, कागदावर चित्र काढायचं आणि मग आपसात ठरवायचं फवारायचं की नाही. आपल्या कृषी खात्याने पण ती घेतली, जिथे कृषी सहायक मन लावून चालवतो तिथे खरंच फरक दिसतो, बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंग पकडणारे) लावून सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले की मगच फवारणीचा विचार, असं शेतकरी स्वतः मोजून सांगतात. पण २०१७ ला यवतमाळला फवारणीच्या विषबाधेने वीसच्या वर माणसं गेली, तेव्हापासून मला एक गोष्ट सतत वाटते. फवारा पाठीवर घेणारा बहुतेक वेळा मजूर असतो किंवा सालगडी, आणि सुरक्षित फवारणीच्या कार्यक्रमाला बोलावणं जातं सातबारावर नाव असणाऱ्याला. म्हणजे काम एकाचं, ट्रेनिंग दुसऱ्याला. कोणाला बोलवायचं हे ठरवणं हा सुद्धा प्लॅनिंगचाच भाग आहे, तिथे चुकलं की पुढचं कितीही छान केलं तरी ते योग्य माणसापर्यंत पोचत नाही.

आता मोबाईल. आजकाल अर्ध्याहून जास्त ट्रेनिंग ॲपची असतात, आभा कार्ड, आयुष्मान कार्ड, लसीकरणाची नोंद, हा फॉर्म तो फॉर्म. हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर ट्रेनर त्याच्या लॅपटॉपवर सगळं फटाफट करून दाखवतो, नेट जोरात, मोबाईल नवीन. आशाचा मोबाईल जुना, मेमरी भरलेली, गावात रेंज झाडाखाली किंवा गच्चीवर. ॲपचं ट्रेनिंग तिच्याच मोबाईलवर आणि जमलं तर तिच्याच उपकेंद्रात व्हायला पाहिजे, आणि अडकल्यावर काय करायचं हेच जास्त शिकवायला पाहिजे, ओटीपी आला नाही तर, नेट गेलं तर, आधारवरचं नाव जुळलं नाही तर. सगळं नीट चाललं तर काय करायचं हे बटणावर लिहिलेलंच असतं. एका बॅचमध्ये दोन-तीन तरुण पोरी असतात ज्यांना मोबाईल चटकन येतो, त्यांना प्रत्येकी चार जणी वाटून द्या, नंतर त्यांच्याच फोनवर शंका जातील, आणि त्या मदतीचे त्यांना पैसे पण द्या. लिंक पाठवून ऑनलाईन मीटिंग घ्यायची, कॅमेरा बंद माईक बंद, आणि त्याला प्रशिक्षण म्हणून मोजायचं, हे कृपा करून थांबवा. स्वयंपाक करता करता कानाला लावून ऐकलेल्या गोष्टीवर उद्या कोणाच्या लेकराचं औषध ठरणार असतं.

शेवटची परीक्षा. प्री-टेस्ट, पोस्ट-टेस्ट, वीस प्रश्न, बरोबरवर खूण करा. आकडा वाढला की ट्रेनिंग यशस्वी. ज्या बाईला लिहायला वेळ लागतो ती यात मागे पडते, आणि मी अशा बायका बघितल्यात ज्यांचा पेपर कच्चा पण बाळाचा श्वास मोजायला बसवलं तर बोट हलत नाही नजर हलत नाही, बरोबर आकडा. परीक्षा घ्यायची तर हाताची घ्या. पाच टेबलं लावा, एकावर वजन, एकावर तापमान, एकावर श्वास मोजणं, त्यासाठी मोबाईलवर बाळाचा व्हिडिओ चालतो, एकावर ओआरएस, एकावर आईशी बोलणं. प्रत्येक टेबलावर पायऱ्यांची यादी घेऊन एक जण बसेल आणि खूण करेल. जिला जमलं नाही तिला लगेच तिथेच परत करायला द्या, नापास म्हणून नाव वाचू नका. चाळीस वर्षांच्या बाईचा चारचौघींत अपमान झाला की ती पुढच्या वेळी शिकायला नाही, हजेरी लावायला येते. आणि खरी परीक्षा तर गावात असते. ट्रेनिंगनंतर महिन्याभरात गटप्रवर्तकने प्रत्येक आशाबरोबर निदान एका नवजात बाळाच्या घरी जायला पाहिजे, तिच्या हातातून काटा न घेता बाजूला उभं राहून बघायला पाहिजे, आणि बाहेर आल्यावर दोघींनीच बोलायला पाहिजे. गटप्रवर्तकांवर आज कागदांचा इतका भार आहे की त्यांना हे करायला दिवस उरत नाहीत, त्यांचे रिपोर्ट कमी करा, त्यांना गावात फिरू द्या, प्रवासाचे पैसे वेळेवर द्या.

राज्यात आशांची संख्या ७० हजारांच्या आसपास आहे. २००५ पासून ही योजना चालू आहे, म्हणजे कितीतरी आशा पंधरा-वीस वर्षं हे काम करतायत आणि त्यांना शिकवायला येणारा ट्रेनर अजूनही बाहेरून आलेला, पुस्तकातून वाचून शिकवणारा असतो. प्रत्येक तालुक्यातल्या चांगल्या चार-पाच अनुभवी आशा निवडून त्यांना ट्रेनर करा, मानधन द्या, डॉक्टर आणि नर्स त्यांच्या सोबतीला राहू देत. मी स्वतः बघितलंय की उलटी-जुलाबाने सुकलेल्या पोराला रात्री बैलगाडीतून कसं नेलं हे जेव्हा एखादी आशा उभी राहून सांगते तेव्हा धोक्याची लक्षणं वेगळी शिकवावी लागत नाहीत.

संपादक साहेब, तुमच्या बातमीदारांनाही एक विनंती आहे. ट्रेनिंगची बातमी छापा, आशांचा फोटो पेपरात आला की त्यांना बरं वाटतं, घरच्यांनाही कळतं की ती काहीतरी मोठं काम करते. फक्त बातमीत किती जणींना बोलावलं यासोबत दोन गोष्टी विचारून लिहा, एका ट्रेनरमागे किती बायका होत्या आणि प्रत्येकीच्या हातात वजनकाटा किती वेळा आला. आणि तीन महिन्यांनी परत त्याच तालुक्यात जाऊन दोन-तीन आशांना भेटा, त्यांना म्हणावं मागच्या महिन्यात बाळंत झालेल्या घरी आम्हाला घेऊन चला. आमच्या जिल्ह्याचं पुढच्या वर्षीचं ट्रेनिंगचं कॅलेंडर एप्रिल-मेमध्ये ठरेल, त्या मीटिंगला निदान चार आशा आणि दोन गटप्रवर्तक बसवाव्यात अशी मागणी मी जिल्ह्याकडे लेखी दिली आहे, बाकीच्या जिल्ह्यांतल्या रिटायर झालेल्या नर्स आणि ट्रेनर ताईंनीही आपापल्या जिल्ह्यात द्यावी.

आपली,
एक निवृत्त आरोग्य प्रशिक्षक,
जि. बीड